हरकत असल्यास कळवावे

आमच्या थोरल्या साडूंइतका शेजारधर्म पाळणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि शेजाऱ्यांना त्यांच्याइतका जेरीला आणणाराही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातंच मोठं चमत्कारिक असतं. एकाच सासऱ्यांनी दोघांना पसंत केलं, एवढीच काय ती दोघांमधली समान गोष्ट. पण तेवढ्यावर जन्मभर एकमेकांच्या शेजारी बसून जेवावं लागतं. त्यात मी लातूरच्या एका शाळेत भूगोलाचा मास्तर आणि ते दिल्लीला भारत सरकारात. सासरे हयात असेपर्यंत आमच्याकडे आले की चहाच्या पहिल्या घोटाबरोबर दिल्लीच्या जावयाची खबर देत, आणि दुसऱ्या घोटाबरोबर माझ्या पगाराची चौकशी करत. तरीही मला साडूंचा कधी राग आला नाही. राग यायला माणूस आपल्यासारखा असावा लागतो.

उमरीजवळच्या खेड्यातून निघून, नांदेडच्या वसतिगृहात राहून इंजिनियर झालेला हा गृहस्थ दिल्लीत केंद्राच्या बिनतारी खात्यात लागला आणि त्याच्या वाट्याला फार नाजूक काम आलं. मी वर्गात फळ्यावर देशांच्या सीमा खडूने ठळक काढतो, पण रेडिओच्या लहरींना त्या दिसत नाहीत. आपल्या टॉवरवरून निघालेली लहर चौकीवरच्या जवानाला न विचारता पलीकडे जाते आणि तिथल्या लोकांच्या फोनात खरखर करते. तिकडची तशीच इकडे येते. म्हणून शेजारी देशांचे अधिकारी अधूनमधून एकत्र बसून ठरवतात, की सरहद्दीलगत कोणी कोणती फ्रिक्वेन्सी वापरायची, किती जोरात आणि कोणत्या दिशेला तोंड करून. आमच्या साडूंनी उभी नोकरी या बैठकांत काढली. कधी डोंगरातल्या देशात, कधी समुद्रापलीकडच्या, तर कधी नदीपलीकडच्या. जाताना सुटकेसमध्ये धर्माबादच्या मिरचीचं तिखट असायचंच. ते तिखट साडू पलीकडच्या साहेबांना भेट द्यायचे. "तिखट खाल्लेला माणूस पाणी मागतो," असं त्यांचं म्हणणं, "आन् पाणी मागून राहिलेला माणूस भांडत न्हाई." बैठकीतलं त्यांचं बोलणं साजूक सरकारी असायचं, म्हणतात, घरी मात्र ते मनातून हलले की उमरीचं बोलू लागत.

निवृत्त होऊन ते नांदेडला आले, आणि शेजारी देशांवर वापरायचं सगळं कौशल्य एकदम शेजाऱ्यांवर येऊन पडलं. त्यांच्या खात्यात म्हणे दोन शेजारच्या फ्रिक्वेन्सींमध्ये थोडी पट्टी मुद्दाम मोकळी सोडतात, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्यावर सांडत नाही. ही मोकळी पट्टी साडू सगळीकडे सोडतात. पंगतीत बसताना एक पाट सोडून बसतात. ताटात वरण आणि श्रीखंड यांच्यामध्ये एवढा रस्ता ठेवतात की वाढणाऱ्याला वाटावं, अजून एक पदार्थ यायचा राहिलाय. एकदा आमच्या धाकट्या मेहुण्याने तिथे भरल्या वांग्याची फोड टाकली, तर त्यांनी ताट हळूच वळवून घेतलं आणि म्हणाले, "ही जागा कुणाचीच नाही. म्हणून तर शांतता आहे." सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांच्या स्कूटरच्या दोन्ही बाजूंना तसंच कुणाचंच नसलेलं राष्ट्र आहे, आणि वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक त्यात आपली गाडी घालायला गेले की साडू गच्चीवरून नुसते बघत उभे राहतात. ओरडत नाहीत. प्राध्यापक आपणहून गाडी काढतात.

माझ्या पुतण्याचं लग्न नांदेडला होतं तेव्हाची गोष्ट तर आमच्या नात्यात अजून सांगतात. एका भिंतीला भिंत लावून दोन मंगल कार्यालयं होती. आमच्याकडे नवरा-नवरी हार हातात घेऊन उभे, भंतेजी माइक जवळ ओढून आता सुरुवात करणार, तेवढ्यात आमच्याच स्पीकरमधून एक भरदार आवाज आला, "साहेबांच्या जाण्याने आमची कधीही भरून न येणारी हानी झालेली आहे." नवरी दचकली. पलीकडे कुणाचा तरी निवृत्तीचा समारंभ होता आणि दोन्ही कार्यालयांचे बिनवायरचे माइक एकाच फ्रिक्वेन्सीवर लावलेले होते. पाहुणे हसत होते, पण साडूंच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं तेज आलं. कैक दिवसांनी त्यांना सरहद्द सापडली होती. त्यांनी दोन्ही कार्यालयांच्या व्यवस्थापकांना बोलावलं, मधल्या बोळात तीन खुर्च्या मांडल्या, चहा मागवला आणि रीतसर बैठक सुरू केली. आधी दोन्ही पक्षांनी आपापली गरज मांडावी, असं त्यांनी सुचवलं. आमच्या बाजूचा व्यवस्थापक घाम पुसत म्हणाला, "सायेब, तुमी आहेराला आले का पंचायतीला? लगीन खोळंबून राहिलं तिकडं!" साडू म्हणाले, "घाईत केलेला करार टिकत नाही." करार झाला, माइकच्या मागचं बटण फिरवलं गेलं आणि लग्न लागलं, मात्र तोवर भात गार झाला होता आणि निवृत्त होणारे साहेब अंदाजाने आमच्याकडे जेवायला येऊन बसले होते.

पण या सगळ्यांहून वरचढ अशी त्यांची एक सवय होती की तिने पुढे सगळं घर हलवलं. त्यांच्या कामात एक रीत असे. सरहद्दीजवळ नवा टॉवर उभारायचा असला की शेजारच्या देशाला आधी कळवायचं. त्यांची हरकत असेल तर त्यांनी ठरल्या मुदतीत सांगायचं. उत्तर आलं नाही तर एक आठवण द्यायची, आणि तरीही कुणी काही बोललं नाही, तर हरकत नाही असं धरून कामाला लागायचं. रीत शहाणपणाची आहे. नाहीतर पलीकडच्या एखाद्या साहेबाच्या आळसापायी इकडचं गाव जन्मभर रेंजवाचून राहायचं. साडूंनी ती तशीच्या तशी घरी आणली. कुठलीही गोष्ट करण्याआधी ते कळवत. आम्हाला मोबाइलवर मजकूर येई: "येत्या रविवारी सकाळी आपल्या घरी येण्याचा मानस आहे. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे. उत्तर न आल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल." एकदा आम्ही हैदराबादला गेलो होतो, मजकूर पाहिलाच नाही, आणि ठरल्या रविवारी साडू आणि अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, आमच्या कुलपासमोर सीताफळांची टोपली घेऊन हजर झाले. मी फोनवर ओशाळून माफी मागू लागलो, तर साडू शांतपणे म्हणाले, "छे छे, तुमची काही चूक नाही. मुदतीत हरकत आली नव्हती, म्हणून आलो." शेजाऱ्यांनी त्यांना बाज टाकून दिली होती म्हणे, आणि तिच्यावर अक्का पाय दुमडून, एक शब्द न बोलता बसल्या होत्या.

अक्का बोलत नाहीत, अशी त्यांची ख्यातीच होती. माझी बायको तोंडाची फटकळ, तर थोरली बहीण अबोल. सासरे म्हणत की दोघींचा वाटा एकीलाच गेला. साडूंचं त्यामुळे फार सोयीचं झालं होतं. दिल्लीचा मुक्काम, नांदेडचं घर, घराचा रंग, कोणत्या लग्नाला जायचं आणि कोणत्या टाळायचं, सगळं ते एका कागदावर लिहून फ्रिजवर लावत, मुदत घालत, आणि मुदत सरली की अमलात आणत. "आमच्या घरात आजवर एकही निर्णय एकतर्फी झालेला नाही," हे ते मोठ्या अभिमानाने सांगत. अक्का तेव्हा ओट्याशी भाकरी थापत असत. तव्यावरची भाकरी उलटायची, टोपल्यात टाकायची, पुढची घ्यायची. मला तेव्हा तो सुखी संसाराचा नमुना वाटे.

त्यांची एकुलती मुलगी प्रज्ञा जनावरांची डॉक्टर आहे. निलंग्याच्या सरकारी दवाखान्यात तिची नेमणूक झाली तेव्हा सगळ्या नात्यात पेढे वाटले गेले. एवढीशी पोर, पण माजलेल्या वळूच्या नाकात हात घालते, अडलेल्या म्हशी सोडवते, आणि शेतकरी तिला बाहेरून हाक मारतात, "ओ डॉक्टरीनबाई, आमची गंगी चारा खाऊन न्हाई राहिली!" अंगाला शेणाचा वास घेऊन ती कधी शनिवारी आमच्याकडे लातूरला येई तेव्हा इतक्या आनंदात असे, की माझी बायको तिला न्हाणीत ढकलता ढकलता हसून लोळे. ती तिच्या आईसारखी अबोल. फक्त जनावरांबद्दल बोलायचं झालं तर थांबत नसे.

तर साडूंचे वसतिगृहातले एक जिवलग मित्र लातूरला असतात. एका डब्यात दोघं जेवलेले, एका पुस्तकावर दोघं पास झालेले. या मित्राचा मुलगा पुण्याला चांगल्या कंपनीत, स्वभावाने गरीब, दिसायला नीटस. मित्रांनी प्रज्ञाला मागणी घातली. अट एवढीच, की पोरीने नोकरी सोडून पुण्याला यावं. साडूंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी त्याच संध्याकाळी प्रज्ञाला मजकूर धाडला. तो पुढे माझ्या बायकोने मला दाखवला, म्हणून सांगतो. वर लिहिलं होतं, "विषय: विवाह." खाली स्थळाची माहिती, अट, आणि शेवटी हरकतीची मुदत. मजकुराखाली दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे तिने वाचला. उत्तर आलं नाही. साडूंनी आठवण दिली. पुन्हा निळ्या खुणा, पुन्हा उत्तर नाही. फ्रिजवरही कागद लागला. नात्यातल्या बायका म्हणाल्या, पोरगी लाजली. पोरगी गप्प म्हणजे पोरगी राजी, हे आपल्याकडे तसंही आजीपणजीपासून चालत आलंय. त्यासाठी शेजारी देशांच्या बैठकांना जायची गरज नाही. साडूंची रीत आणि भावकीची रीत इथे अगदी एकमेकींना येऊन मिळाली. त्यांनी मित्राला फोन करून सांगितलं, "आमच्याकडून हरकत नाही."

सुपारी फोडायचा कार्यक्रम आमच्या घरी ठेवला, कारण मुलाकडची माणसं लातूरचीच होती. रविवारची सकाळ होती. बायकोने पहाटेच उठून चुरमुऱ्याची सुशीला केली होती, वर शेंगदाणे, बाजूला लिंबू. बुद्धवंदना झाली. सगळे ऐसपैस बसले. प्रज्ञा बशांचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा साडूंचे मित्र मायेनेच म्हणाले, "ये बाळ. मग, दवाखान्याचा राजीनामा कधी देऊन राहिली?"

प्रज्ञाने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि सरळ उभी राहिली. "न्हाई देणार मी, काका," ती म्हणाली. "मला हे लग्नच नको."

मुलाची आई उगीच हसली. साडूंना तर आधी राग आलाच नाही, नुसता गोंधळ उडाला. नकाशात दाखवलेली नदी जागेवर न सापडलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

"प्रज्ञा, मी कळवलं होतं," ते म्हणाले. "आठवणही दिली होती. मुदतीत तुझी हरकत आली नाही."

"पप्पा, मला एखादी गोष्ट नको असली की मी गप्प बसते. लहानपणापासून. तुम्हाला ठाऊक न्हाई?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाळण्यात व्हती तवापासून तसंच हाय तिचं."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"मला कुठं इचारलं? फ्रिजवर लावलं व्हतं."

आता मित्रांचा चेहरा उतरला होता. ते रागीट नव्हेत, पण चारचौघांत बसलेले होते. "हे बघ," ते साडूंना म्हणाले, "समद्या भावकीत सांगून झालंय. पोरानं सुट्टी काढली. हरकत घ्यायची तर तवा घ्यायची. मुदत टळल्यावर बोलून काय फायदा? तुझीच रीत हाय ना ही? दिल्लीवरनं आलास की मला हेच ऐकवायचास."

मी साडूंकडे बघत होतो. खरं सांगतो, मला वाटलं की आता ते मान हलवणार. आयुष्यात त्यांनी दिलेला शब्द कधी फिरवला नव्हता. पलीकडचे साहेब त्यांच्या सहीवर डोळे मिटून सही करत, याचा त्यांना फार गर्व होता. आणि समोर बसलेला मित्र हा जगातला एकच माणूस होता ज्याला ते मजकूर न धाडता थेट फोन करत. पलीकडे त्यांची पोर उभी होती, जिचं निलंगा सुटणार होतं. मग बोलले ते उमरीचंच.

"हरकतीला मुदत असती," ते म्हणाले. "तरासाला मुदत नसती."

"म्हणजे?"

"सह्या झाल्या, टावर हुबा राहिला, वर्सं गेली. तरी शेजारी म्हणला की मला तरास होऊन राहिलाय, तर आपण आधी आपलं बटन बंद करायचं. खरं का खोटं ते मागून बघायचं. आधी बंद." त्यांनी मित्रापुढे हात जोडले. "मी बंद करून राहिलो. मला माफ कर."

मित्र उठले. "माझ्या पोराला टावर म्हणून राहिलास तू?" ते म्हणाले. एरवी या वाक्यावर मी हसलो असतो. त्या दिवशी कुणीच हसलं नाही. मंडळी चपला घालून निघाली. मुलगा तेवढा उंबऱ्यात थांबून प्रज्ञाला म्हणाला, "मला आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं हो," आणि खाली बघत गेला. सुशीलाच्या बशा तशाच राहिल्या.

त्यानंतर नात्यात साडूंना बरंच ऐकावं लागलं. शब्द फिरवला, मित्राला दारातून घालवलं, पोरीला डोक्यावर बसवलं. त्यांनी कुणालाही उलट उत्तर दिलं नाही. मित्राने फोन उचलणं सोडलं. साडू लातूरला आले की त्यांच्या घरावरून एक फेरी मारत. आत जात नसत. एकदा मी बरोबर होतो. खिडकीत दिवा होता, कुणीतरी बातम्या लावल्या होत्या. साडू फाटकापाशी जरा थांबले, आणि मग आम्ही चहा प्यायला गेलो. मला साडूंबद्दल तेव्हा वाटली तेवढी माया पूर्वी कधी वाटली नव्हती, हे कबूल करायला हवं. जेरीला येण्यात आपली इतकी वर्षं गेली, याचं वाईटही वाटलं.

परवा साडू आणि मी निलंग्याला जाऊन आलो. प्रज्ञाचा दवाखाना त्यांनी पाहिलाच नव्हता. ती एका बैलाच्या खुरात काहीतरी करत होती, मालक शिंगं धरून उभा होता, आणि साडूंना तिने लांबूनच सांगितलं, "पप्पा, तिथंच थांबा, मागनं येऊ नका, लाथ मारतोय." ते सांगितल्या जागी उन्हात उभे राहिले. तिचं काम संपेपर्यंत हलले नाहीत. नंतर तिने हात धुऊन आम्हाला उसाचा रस पाजला, आणि त्या बैलाबद्दल इतकं काही सांगितलं की परतीची एसटी चुकायची वेळ आली.

परतताना गाडीत ते खिडकीशी बसले होते. बाहेर ऊस सरकत होता. औसा जवळ आलं. मग एकाएकी म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्या अक्काला इचारलं मी. कागद न लावता. समोर बसून इचारलं, की आजवर तुझी कशाकशाला हरकत व्हती."

"मग? काय म्हणाल्या?"

"सांगून राहिली अजून," ते म्हणाले. "चार दिस झाले. सकाळी चहाला बसलो की सुरू करती. अजून आमी दिल्लीच्या पैल्या हिवाळ्यातच हाव." ते हसले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. "लई थंडी व्हती म्हणं तिला तिथं. मला ठाऊकच नव्हतं."